काउंटीचा पैसा, काउंटीचे संगणक: सफोकमध्ये काय घडलं?

सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक काउंटीत ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावला, तर पलीकडची कर्मचारी तुमचा पत्ता कागदावर लिहून घेत होती. कुणाला छातीत दुखत असो, कुणाच्या घरात चोर शिरलेला असो, आधी पेन आणि कागद, मग रेडिओवरून पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला निरोप. ८ सप्टेंबरला सायबर हल्ला लक्षात आला होता आणि पुढचं नुकसान टाळण्यासाठी काउंटीने आपली यंत्रणा स्वतःच इंटरनेटपासून तोडली होती. ईमेल बंद, संकेतस्थळ बंद. कंत्राटदारांची देणी हाताने धनादेश लिहून भागवायची वेळ आली. घरांचे व्यवहार अडकले, कारण मालकीच्या नोंदी तपासायला कुणाला दिसतच नव्हत्या.

लाँग आयलंड या लांबट बेटाचा पूर्वेकडचा मोठा भाग म्हणजे सफोक. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १५ लाखांच्या पुढे होती. स्टोनी ब्रूक विद्यापीठ आणि ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळा इथेच आहेत, त्यामुळे मराठी विद्यार्थी आणि संशोधकांना हे नाव परकं नाही. एवढ्या सधन, शिकलेल्या भागात सरकारी कामकाज महिनोन्‌महिने कागदावर का गेलं? हल्ला परदेशी टोळीने केला हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. उरलेलं उत्तर काउंटीच्या रचनेत आणि तिच्या अर्थसंकल्पात आहे, आणि तेच इथे उलगडून पाहायचं आहे. अमेरिकेत राहणारे आपले अनेक लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीबद्दल तासन्‌तास बोलतात. पण ज्या सरकारशी त्यांचा रोजचा संबंध येतो त्या काउंटीचा अर्थसंकल्प कधी मंजूर होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मला ही गोष्ट काळजीची वाटते.

तर आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेतली राज्यं काउंट्यांमध्ये विभागलेली आहेत. देशभरात त्या तीन हजारांहून अधिक आहेत. लुइझियानात त्यांना पॅरिश म्हणतात, अलास्कात बरो. कनेटिकट आणि ऱ्होड आयलंडमध्ये काउंट्या नकाशावर आहेत, पण त्यांना स्वतःचं सरकार नाही. आकाराचा तर काही मेळच नाही. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी माणसं राहतात. टेक्ससमधल्या लव्हिंग काउंटीत २०२० च्या जनगणनेत अवघी ६४ माणसं मोजली गेली. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही काउंट्याच.

मराठी वाचकाला काउंटी म्हटलं की जिल्हा आठवतो. आकारापुरतं ते चालेल, कारभारापुरतं नाही. आपल्याकडे जिल्हाधिकारी राज्य सरकार नेमतं, त्याची बदली होते, आणि महसूल, भूमी अभिलेख, निवडणूक अशी बरीच कामं वरून खाली एका उतरंडीत चालतात. जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेले सदस्य असतात, पण मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारने नेमलेलाच. काउंटीत असा एक ‘साहेब’ नसतो. सफोकमध्ये काउंटी एक्झिक्युटिव्ह, म्हणजे काउंटीचा कार्यकारी प्रमुख, थेट निवडून येतो आणि १८ सदस्यांचं विधिमंडळही निवडून येतं. त्यांच्याबरोबर तुरुंग सांभाळणारा शेरीफ, सरकारच्या बाजूने फौजदारी खटले चालवणारा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी, हिशेब पाहणारा कंट्रोलर आणि दस्त सांभाळणारा काउंटी क्लार्क हे सगळेही स्वतंत्रपणे मतदारांकडून निवडून येतात. एक्झिक्युटिव्हला क्लार्क आवडला नाही म्हणून तो त्याला घरी पाठवू शकत नाही. क्लार्कच्या कार्यालयात कोणती संगणक यंत्रणा असावी, हे बजावणंही त्याला सोपं नसतं. एका माणसाच्या हाती सगळं जाऊ नये म्हणून ही रचना केलेली आहे आणि तो हेतू चांगलाच आहे. पण सगळी खाती एकाच तारेने जोडलेली असतात तेव्हा त्याच रचनेची एक किंमत मोजावी लागते. ती पुढे दिसेल.

काउंटी करते काय? सफोकचं स्वतःचं पोलीस दल आहे, तुरुंग शेरीफकडे आहे. सार्वजनिक आरोग्य, गरिबांसाठीची मदत, बालकांचं संरक्षण, बससेवा, उद्यानं, काही रस्ते, निवडणुका, जमिनी-घरांचे दस्त आणि एक कम्युनिटी कॉलेजही काउंटीकडे आहे. शाळा मात्र काउंटीकडे नाहीत. त्या स्वतंत्र शालेय मंडळांकडे असतात आणि मालमत्ता कराच्या बिलातला सर्वात मोठा वाटा त्यांचा असतो. बिल हातात आलं की लोक काउंटीला बोल लावतात, पण पैसे गेलेले असतात मुख्यतः शाळांकडे.

सफोक काउंटीचा सर्वात मोठा उत्पन्नाचा स्रोत विक्रीकर आहे. मार्च २०२५ पासून तिथे १०० डॉलरच्या करपात्र खरेदीवर ८.७५ डॉलर कर पडतो. त्यातले ४ डॉलर राज्याचे, ३७.५ सेंट न्यूयॉर्क परिसराच्या वाहतुकीसाठी, आणि उरलेले काउंटीचे. याच्या आधी दर एका टक्क्याच्या आठव्या हिश्श्याने कमी होता, म्हणजे १०० डॉलरमागे साडेबारा सेंटने. ही वाढ नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी स्वतः मत देऊन स्वीकारली, कारण तो पैसा सांडपाण्यासाठी राखून ठेवायचा होता. सफोकमधल्या बहुतांश घरांना गटाराची जोडणी नाही, मैला शोषखड्ड्यांत जातो, त्यातला नायट्रोजन जमिनीत मुरतो आणि खाड्या-उपसागरांपर्यंत पोचतो. प्यायचं पाणीही त्याच जमिनीखालून येतं. लोकांना प्रश्न नीट समजावून सांगितला, पैसा कुठे जाणार हे लिहून दिलं, तर लोक कर वाढवून घ्यायलाही तयार होतात, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

विक्रीकराचा स्वभाव मात्र चंचल. लोकांनी खरेदी आखडली की काउंटीचं उत्पन्न लगेच आटतं, आणि नेमक्या त्याच वेळी मदत मागणाऱ्यांची रांग वाढते.

आता खर्चाकडे वळू. अर्थसंकल्पाचा आकडा अब्जावधी डॉलरचा दिसतो आणि वाटतं, एवढ्या पैशात काय होणार नाही! पण त्यातला बराचसा पैसा आधीच बांधलेला असतो. न्यूयॉर्क राज्यात गरिबांच्या आरोग्यविम्याचा, म्हणजे मेडिकेडचा, काही वाटा काउंट्यांना उचलावा लागतो. तुरुंग चालवणं, वकील परवडत नाही अशा आरोपीला वकील देणं, निवृत्तिवेतन निधीत हिस्सा भरणं, राज्याने ठरवून दिलेल्या सामाजिक सेवा पुरवणं, यांतलं काहीच काउंटीच्या मर्जीवर नाही. पोलिसांचे आणि इतर कर्मचाऱ्यांचे पगार संघटनांशी झालेल्या करारांनी ठरलेले असतात. हे सगळं वजा केल्यावर जे उरतं, त्यावरच खरी ओढाताण होते. संगणकाचा खर्च याच उरलेल्यात येतो.

प्रक्रिया साधारण अशी चालते. वर्षाच्या मध्याच्या सुमारास प्रत्येक खातं आपली मागणी अर्थसंकल्प कार्यालयाकडे पाठवतं. तिथे कात्री लागते. मग एक्झिक्युटिव्ह आपला प्रस्ताव विधिमंडळापुढे ठेवतो. सफोकच्या विधिमंडळाकडे एक फार उपयोगी गोष्ट आहे: स्वतःचं अर्थसंकल्प परीक्षण कार्यालय. एक्झिक्युटिव्हने उत्पन्न फुगवून धरलं असेल किंवा एखादा खर्च दडवला असेल, तर हे कार्यालय तसं लेखी सांगतं. त्यानंतर जनसुनावणी, दुरुस्त्या, मतदान. सफोकचं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होतं; कॅलिफोर्नियातल्या काउंट्यांचं १ जुलैला. म्हणून सॅन होजे परिसरात राहणाऱ्यांनी मे-जूनकडे लक्ष ठेवायचं आणि लाँग आयलंडवाल्यांनी सप्टेंबर ते नोव्हेंबर.

या प्रक्रियेत तंत्रज्ञानाच्या मागण्यांचं काय होतं, ते जरा थांबून पाहण्यासारखं आहे. सरकारी खर्चाचे दोन कप्पे असतात, महसुली आणि भांडवली. पगार, वीज, औषधं, इंधन हा महसुली खर्च. तो त्या-त्या वर्षीच्या उत्पन्नातून भागवायचा. पूल, इमारती, मोठी यंत्रं हा भांडवली खर्च; त्यासाठी कर्जरोखे काढून वीस वर्षांत फेडता येतात. पूर्वी संगणकही दुसऱ्या कप्प्यात बसायचा. मोठा सर्व्हर एकदा घेतला की दहा-पंधरा वर्षं बघायला नको. आता सॉफ्टवेअर विकत मिळत नाही, ते वर्षाच्या वर्गणीवर मिळतं. सुरक्षेची देखरेखही वर्षाच्या करारावर. म्हणजे हा खर्च सरकून पहिल्या कप्प्यात आला, जिथे त्याची थेट स्पर्धा परिचारिकेच्या पगाराशी आणि बसच्या फेऱ्यांशी असते. सुनावणीत बसची फेरी वाचवायला पन्नास माणसं येतात. जुना सर्व्हर बदला म्हणून कोण येणार?

कोकणात पावसाळ्याआधी कौलं चाळून घेतात. तो खर्च टाळला तर मे महिन्यात घर तसंच दिसतं. कळतं ते जूनमध्ये. संगणक खात्याची मागणी पुढच्या वर्षावर ढकलली, तरी त्या वर्षी कुणालाच काही फरक दिसत नाही. लोकप्रतिनिधी वाईट असतात म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. न दिसणाऱ्या धोक्यासाठी दिसणारी सेवा कापणं कुणालाही जड जातं.

सफोकमध्ये काय झालं, त्याचा क्रम असा. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅममधली त्रुटी जगजाहीर झाली. हा प्रोग्रॅम इतर सॉफ्टवेअरच्या पोटात बसून घडामोडींची नोंद ठेवतो आणि जगभरच्या असंख्य यंत्रणांमध्ये तो होता. त्रुटी अशी, की विशिष्ट मजकूर पाठवला की बाहेरचा माणूस त्या संगणकाला हवा तो हुकूम देऊ शके. दुरुस्ती लगोलग उपलब्ध झाली आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारने ताबडतोब ती करून घ्या असा इशाराही दिला. पण दुरुस्ती उपलब्ध असणं वेगळं आणि प्रत्येक खात्यातल्या प्रत्येक सर्व्हरवर ती बसवणं वेगळं. आपल्याकडे हा प्रोग्रॅम कुठे कुठे आहे, याची यादी आधी हवी. बसवायला माणूस हवा. आणि बसवली की नाही हे तपासणारा दुसरा कुणी हवा.

१९ डिसेंबर २०२१ ला हल्लेखोर काउंटी क्लार्कच्या कार्यालयाच्या यंत्रणेतून आत शिरले, असं तपासात पुढे आलं. काउंटीचं मध्यवर्ती माहिती तंत्रज्ञान खातं होतं, पण क्लार्कची यंत्रणा क्लार्कचे लोक सांभाळायचे. त्याच कार्यालयात २०२१ मध्ये बिटकॉइन तयार करणारी यंत्रं लपवून चालवलेली सापडली होती. म्हणजे देखरेख किती सैल होती, याची खूण आधीच मिळाली होती. आत शिरलेले लोक आठ महिन्यांहून अधिक काळ हळूहळू एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पसरत गेले. निवडून आलेले अधिकारी एकमेकांपासून स्वतंत्र असतील, पण त्यांच्या संगणकांमधले दरवाजे उघडेच होते.

ब्लॅककॅट नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीने २५ लाख डॉलरची खंडणी मागितली. काउंटीने ती दिली नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो. खंडणी दिली म्हणून चोरलेली माहिती परत मिळते याची काहीच हमी नसते, आणि पुढच्या काउंटीवरच्या हल्ल्याला आपणच भांडवल पुरवल्यासारखं होतं. पण नकाराचीही किंमत होतीच. काउंटीच्या सुमारे २६ हजार आजी-माजी कर्मचाऱ्यांचे, अमेरिकेत ओळखीसाठी वापरले जाणारे सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि वाहतूक दंडाच्या नोंदींतल्या सुमारे ४ लाख ७० हजार लोकांचे वाहनचालक परवाना क्रमांक उघडे पडल्याची शक्यता काउंटीला जाहीर करावी लागली. मुख्य संकेतस्थळ परत उभं राहायला २०२३ उजाडलं.

सामान्य माणसाला सर्वात जास्त झळ पोचली ती घरांच्या व्यवहारात, आणि ते का हे समजून घेतलं पाहिजे. घर विकत घेताना विकणारा खरोखर मालक आहे का, घरावर जुनं कर्ज आहे का, कुणाचा दावा आहे का, हे दस्त तपासून पाहतात. आपल्याकडे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात शोध घेतात, तसंच हे काम. सफोकमध्ये हे दस्त क्लार्ककडे. ते दिसेनात, त्यामुळे मालकीहक्काचा विमा देणाऱ्या कंपन्या थांबल्या, त्या थांबल्या म्हणून बँका थांबल्या. जुनं घर विकून नवं घ्यायला निघालेलं कुटुंब मधेच लटकलं. एका कार्यालयातला एक न दुरुस्त झालेला प्रोग्रॅम, आणि झळ शेकडो घरांना.

मग सुरू झाले दोषारोप. एक्झिक्युटिव्हच्या बाजूने क्लार्कच्या कार्यालयाकडे बोट दाखवलं गेलं. क्लार्कच्या माणसांचं म्हणणं, आम्ही इशारे दिले होते, ऐकलं नाही. विधिमंडळाने विशेष समिती नेमली. २०२४ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने एका खात्यावर खापर न फोडता काउंटीच्या वरच्या नेतृत्वाला जबाबदार धरलं. अशा हल्ल्यात काय करायचं याची तयार योजना नव्हती. संपूर्ण काउंटीच्या माहिती सुरक्षेला जबाबदार असा एक अधिकारी नव्हता, आणि असा अधिकारी नेमा ही शिफारस २०१९ मध्येच एका सल्लागार अहवालात झालेली होती. हल्ल्याचा एकूण खर्च अहवालाने अडीच कोटी डॉलरहून अधिक सांगितला. मागितलेल्या खंडणीच्या दहापट! त्या अधिकाऱ्याचा पगार याच्यापुढे किती झाला असता, याचा हिशेब वाचकाने स्वतः करून पाहावा.

पण पगाराची तरतूद केली म्हणजे माणूस मिळतोच असं नाही. न्यूयॉर्कमध्ये बहुतेक सरकारी पदं परीक्षा आणि गुणवत्ता यादीतून भरली जातात. वशिलेबाजी थांबवण्यासाठी ही पद्धत आली, आणि तिने ते काम चोख केलं. पण सायबर सुरक्षेतल्या अनुभवी माणसाला खासगी कंपनी एका आठवड्यात नोकरी देते, तिथे परीक्षेच्या निकालाची वाट पाहायला कोण थांबेल?

दुसरी अडचण अनुदानांची. मार्च २०२१ च्या करोना मदत कायद्याने देशभरच्या काउंट्यांना मिळून ६५ अब्ज डॉलर थेट दिले. अट अशी, की २०२४ अखेरपर्यंत पैसा कामांना बांधायचा आणि २०२६ अखेरपर्यंत खर्च करायचा. पुष्कळ काउंट्यांनी त्यातून संगणक, ऑनलाइन अर्ज, नवी कॉल सेंटरं केली. कामं चांगली होती. पण अनुदान एकदाच येतं आणि वर्गणी दरवर्षी भरावी लागते. तो बोजा आता काउंट्यांच्या स्वतःच्या तिजोरीवर येतो आहे.

९११ सेवेचंही तसंच. १६ फेब्रुवारी १९६८ ला अलाबामातल्या हेलीव्हिल गावात पहिला ९११ फोन लागला, तेव्हा फोन घरातल्या भिंतीवर होता आणि नंबर म्हणजेच पत्ता. आता फोन खिशात असतो. काही कॉल सेंटरं अजून जुन्या टेलिफोन जाळ्याच्या आधाराने चालतात, आणि त्यांना इंटरनेटवर आधारलेल्या यंत्रणेत नेण्याचं काम तुकड्या-तुकड्याने होत आहे. यासाठी फोनच्या बिलावर अधिभार घेतला जातो. तो पैसा दुसऱ्याच कामाकडे वळवणारी राज्यं म्हणून केंद्रीय संचार आयोगाच्या अहवालांत न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीची नावं पुन्हा पुन्हा आली आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाने आपलं फोनचं बिल एकदा या नजरेने जरूर वाचावं.

रहिवासी म्हणून करता येण्यासारखं पुष्कळ आहे. काउंटीच्या बैठकीची कार्यक्रमपत्रिका आधी जाहीर होते. कॅलिफोर्नियात नियमित बैठकीची पत्रिका ७२ तास आधी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. सुनावणीत काही मिनिटं कुणालाही बोलता येतं. आपल्या लोकांपैकी कितीतरी जण दिवसभर हीच कामं करतात, सर्व्हर सांभाळतात, सुरक्षा पाहतात. त्यांच्याइतके नेमके प्रश्न त्या सभागृहात दुसरं कोण विचारणार? निवडून आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याची यंत्रणा एकाच देखरेखीखाली आहे का, की प्रत्येकाची चूल वेगळी? बॅकअप मूळ जाळ्यापासून तोडून ठेवलेले आहेत का, आणि ते परत लावून पाहण्याची रंगीत तालीम शेवटची कधी झाली? अनुदानातून घेतलेल्या सॉफ्टवेअरची पुढच्या वर्षीची वर्गणी कोणत्या शीर्षाखाली धरली आहे? काही दिवस सगळं कागदावर चालवायची वेळ आली, तर ९११ च्या कर्मचाऱ्यांनी त्याचा सराव केला आहे का?

२०२५ पासून या प्रश्नांची निकड वाढली आहे. काउंट्यांना आणि शहरांना सायबर धोक्यांचे इशारे देणाऱ्या, त्यांच्यासाठी चोवीस तास पहारा ठेवणाऱ्या एमएस-आयएसएसी या सामायिक केंद्राला केंद्र सरकारकडून मिळणारा पैसा ३० सप्टेंबर २०२५ ला थांबला, आणि ते केंद्र आता सदस्यांकडून शुल्क घेतं. छोट्या काउंट्यांना जे फुकट मिळत होतं, त्याची तरतूद आता त्यांना स्वतःच्या अर्थसंकल्पात करावी लागणार आहे. ती ओळ तुमच्या काउंटीच्या अर्थसंकल्पात आहे का, हे तिथल्या खातेप्रमुखाला सुनावणीत थेट विचारता येतं.